मागच्या चाकांवरचे पोलाद : हर्णेची बैलगाडी, कुर्ल्याची प्लिमथ आणि अमेरिकेची मसल कार (थ्रेड)

हर्णेच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक दृश्य विसरता येत नाही. पाणी उथळ असल्याने होड्या दूर नांगर टाकून उभ्या असतात आणि बैलगाड्या थेट समुद्रात शिरून मासळी वाळूवर आणतात. पाठीमागे सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्रे, तुळाजी, १७५५ सालचा कमोडोर जेम्सचा हल्ला हे सारे आपणांस ठाऊक असते. दुर्गाकडे सगळेच पाहतात. या धाग्यात मात्र त्या बैलगाडीखाली वाकून पाहायचे आहे.

तिथे काय दिसते? काहीच नाही. गाडीचा सांगाडा थेट आसावर बसलेला. मध्ये स्प्रिंग नाही, रबर नाही. हे अडाणीपणाचे लक्षण समजू नये. बैल चालतो माणसाच्या चालीने. त्या वेगाला खड्ड्याचा दणका सोसण्याजोगा असतो. वेग वाढला की तोच खड्डा कैक पटींनी जोरात लागतो. चाक आणि गाडी यांच्यामध्ये लवणारे काहीतरी असावे ही निकड वेगातून जन्मली आहे.

त्या निकडीला युरोपने दिलेले उत्तर म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या. १८०४ मध्ये इंग्लंडातील ओबडाया इलियट याने लंबवर्तुळाकार स्प्रिंगांचे पेटंट घेतले आणि घोडागाडीची बैठक त्यांच्या आधारे आसांवर बसवली. त्याआधी गाडीच्या पोटाखालून एक अवजड लाकडी तुळई जात असे. तिची गरज उरली नाही. गाड्या हलक्या झाल्या, वेग वाढला. मोटार आली तेव्हा घोडा गेला, पण त्या पट्ट्या राहिल्या. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीखाली पुढे एक आणि मागे एक, अशा आडव्या बसवलेल्या दोनच स्प्रिंगा होत्या.

आपल्याकडे तिला नाव मिळाले ‘पाटा’. ‘एसटीचा पाटा तुटला’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याने महाराष्ट्रात प्रवासच केला नाही, असे खुशाल समजावे.

अमेरिकी मोटारी मुंबईत नुसत्या उतरल्या नाहीत, इथे जोडल्याही गेल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डीसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. या साऱ्यांच्या मागच्या आसाला आधार होता लांबलचक पाट्यांचाच.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. प्रारंभी ३० बेडफर्ड गाड्या, त्यांना लाकडी सांगाडे आणि काथ्याच्या गाद्यांची आसने. त्या आरंभीच्या काळातील ताफा म्हणजे जगातील कारखान्यांचे संमेलनच होते : शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, बेडफर्ड, सेडन, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. इतक्या तऱ्हेच्या गाड्यांचे पाटे सांभाळताना कार्यशाळेतील लोहारकाम करणाऱ्यांची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पना करावी.

कोकणाला या रस्त्याच्या वाहनाचे महत्त्व अधिक होते. हर्णे हे मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटींचे थांब्याचे बंदर. आगबोट खोल पाण्यात उभी राही, प्रवासी होडीतून ये-जा करीत, आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंद पडे. पुढे रस्ता आणि एसटी यांनी समुद्राची जागा घेतली. लाटांचे हेलकावे संपले आणि दापोलीच्या घाटवळणांवरचे धक्के सुरू झाले, एवढाच काय तो फरक, असे एखादा जुना प्रवासी म्हणेल.

शेवटच्या बाकावरचा माणूस छताला का आपटतो, हे इथेच सांगून टाकतो. ते बाक मागच्या चाकांच्याही मागे असते. चाक उसळले की गाडीचा मागचा भाग तरफेसारखा वर फेकला जातो. बाक जितके मागे तितकी उसळी मोठी. शिवाय पाटे भरल्या गाडीच्या वजनासाठी कडक ठेवलेले असतात. म्हणून गर्दीची एसटी त्या मानाने संथ चालते आणि रिकामी एसटी हाडे खिळखिळी करते.

आता अमेरिकेकडे. १९६४ मध्ये पॉन्टिॲक जीटीओ आली आणि मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवण्याची शर्यत सुरू झाली. याच त्या मसल कार. त्या आपल्या कारखान्यांतून का बाहेर पडल्या नाहीत? उत्तर १९५३ मध्ये आहे. प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीनुसार, नुसती जोडणी करणाऱ्या आणि भारतात प्रत्यक्ष उत्पादनाची योजना नसणाऱ्या कंपन्यांना जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर टिकली, पण तिचे भवितव्य फियाट ११०० या छोट्या गाडीशी जोडले गेले. तीच पुढे पद्मिनी झाली. पाटे मात्र तिच्याही मागे होतेच!

मसल कारची गोची तिच्या मागच्या पाट्यातच होती. बिचारा पाटा एकटा तीन कामे करतो : वजन पेलतो, आस जागच्या जागी धरून ठेवतो आणि इंजिनाचा पीळ सोसतो. इंजिन चाकांना पुढे फिरवते तेव्हा आसाचे कवच उलट दिशेला फिरू पाहते. त्या ओढीने पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा मुरडतो, मग झटक्यात सुटतो. टायर रस्ता सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. गाडी पुढे धावण्याऐवजी मागच्या पायांवर नाचते. १९६७ च्या शेवरोले कॅमारोत बहुतेक गाड्यांना मागे एकेकच पट्टी होती, म्हणून हा नाच विशेष गाजला. १९६८ मध्ये कंपनीने मागचा एक शॉक ॲब्सॉर्बर आसाच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला. जोरदार इंजिनांना अनेक पट्ट्यांचे पाटे दिले. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी आधीपासून निराळा विचार केला होता : आस पाट्याच्या मध्यावर न बांधता पुढच्या टोकाकडे सरकवायचा, म्हणजे पुढचा भाग आखूड आणि ताठ राहतो, मुरडत नाही. मला हा उपाय सर्वांत देखणा वाटतो. एकही नवा भाग न वाढवता काम झाले.

आजचे हौशी लोक याहून पुढे जातात. पाटे काढून टाकायचे, आसाला चार दांड्यांनी बांधायचे आणि वजन गुंडाळीच्या स्प्रिंगांवर टाकायचे. तीन कामे तीन भागांना वाटून दिली की गाडी खरोखर सुधारते, यात शंका नाही. पण त्यासाठी चासी कापावी लागते, नवे आधार वेल्डिंगने जोडावे लागतात.

आणि इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावे लागते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. कुर्ल्यात जोडलेल्या एखाद्या प्लिमथची चासी कापली तर ती गाडी अधिक सुखाने धावेल, पण तिचे हे स्थान धोक्यात येईल. त्याहून मोठे नुकसान पुराव्याचे. त्या काळच्या चासीवरची भोके, रिव्हेट, पाट्यांची संख्या यांवरून तेव्हा इथे काय जोडले जात होते आणि आपल्या रस्त्यांसाठी काय बदलले जात होते हे वाचता येते. कापलेली चासी हे फाडलेले दफ्तर आहे. झिजलेल्या पाट्यांच्या जागी त्याच मापाचे नवे पाटे घालावेत, शॉक ॲब्सॉर्बर चांगले लावावेत, जुने पाटे चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावेत. बोल्टने बसते आणि बोल्टने निघते तेवढेच करावे, असे माझे मत आहे. ज्यांना वेग हवा त्यांच्यासाठी नव्या गाड्या पुष्कळ आहेत.

पाटा अजून गेलेला नाही. आरामबसखाली रबरी फुग्यांत दाबलेली हवा आली, मोटारींखाली गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. मालवाहू गाड्यांखाली मात्र बहुधा पाटेच असतात. मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या गाड्यांतून खारे पाणी ठिबकत राहते, ते पट्ट्यांच्या फटींत शिरते, गंज धरतो, आणि एकमेकींवर सहज घसरणाऱ्या पट्ट्या अडखळू लागतात. पुढच्या वेळी हर्णेला गेलात की लिलाव आटोपून चढावर निघालेल्या एखाद्या ट्रकच्या मागे क्षणभर थांबा. करकर ऐकू येईल.