विधिमंडळीय प्रश्न

शासनाच्या कारभाराविषयी माहिती मिळविण्यासाठी विधिमंडळाच्या सदस्याने मंत्र्यास रीतसर सूचना देऊन विचारलेला प्रश्न. ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी द्यावयाचे असते, त्यास तारांकित प्रश्न म्हणतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. त्यावर उपप्रश्न विचारता येत नाहीत.

इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेत १७२१ साली पहिला प्रश्न विचारल्याची नोंद आढळते. कॉमन्स सभेत लेखी उत्तराची पद्धत १९०२ पासून रूढ झाली. भारतात १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्नाचा मर्यादित अधिकार मिळाला. तथापि उपप्रश्नास मुभा नव्हती. ती १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास व १९१९ च्या सुधारणांनंतर अन्य सदस्यांसही मिळाली. मुंबई कायदेमंडळातील फिरोजशाह मेहता, लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले हे या अधिकाराचा लाभ झालेल्या पहिल्या पिढीतील सदस्य होत.

महाराष्ट्र विधिमंडळात प्रश्नाला ठरावीक घाट आला आहे. अमुक घडले ‘हे खरे आहे काय’, असल्यास चौकशी केली काय, तीनुसार कोणती कार्यवाही केली आणि नसल्यास विलंबाची कारणे काय, असे त्याचे भाग असतात. पहिल्या भागास होकार मिळाला, की पुढील भागांची जबाबदारी टाळणे अवघड होते. नकार मिळाल्यास ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर उत्तर संपते. म्हणून प्रश्नकर्त्याची पूर्वतयारी व नेमकी शब्दयोजना निर्णायक ठरते.

या साधनाचा चिकाटीने उपयोग करणाऱ्यांत रामभाऊ म्हाळगी (१९२१–८२) यांचा उल्लेख आवश्यक आहे. १९५७ साली ते मावळमधून विधानसभेवर, तर १९७७ व १९८० साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. कल्याण–डोंबिवलीचा परिसर तेव्हा ठाणे लोकसभा मतदारसंघातच मोडत असे. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांस सादर करण्याचा त्यांचा प्रघात होता. शासनास जाब विचारणाऱ्याने स्वतःही जाब द्यावा, हे तत्त्व त्यातून दिसते.

नागरी प्रश्नांबाबत प्रथम उत्तरदायित्व महानगरपालिकेचे असते व तेथे नगरसेवकही प्रशासनास प्रश्न विचारू शकतात. मात्र कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये व ठाणे महानगरपालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. या काळात पाणी, रस्ते, अनधिकृत बांधकामे इत्यादींविषयी लोकनियुक्त प्रतिनिधीने अधिकृत उत्तर मागण्याचे प्रमुख स्थान विधिमंडळ हेच उरले. लोकलगाड्यांसारखा रेल्वेचा विषय केंद्राच्या अखत्यारीतील असल्याने तो संसदेतच मांडावा लागतो. डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील २०१६ व २०२४ च्या स्फोटांसारखी बाब उद्योग, कामगार व पर्यावरण अशा अनेक विभागांत विभागली जाते. त्यामुळे एका विभागाचे उत्तर पुरेसे ठरत नाही.

लेखी उत्तराने शासन बांधले जाते, ते मुख्यतः नोंदीमुळे. उत्तरातील आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ साली आश्वासन समिती स्थापन झाली. महाराष्ट्रातही अशी समिती आहे. तथापि दिलेले उत्तर जपून ठेवून पुढील अधिवेशनात पुन्हा विचारणारा सदस्य नसेल, तर ते उत्तर केवळ कागदोपत्री राहते.