आवटी, मनोहर प्रल्हाद
(७ सप्टेंबर १९२७–४ नोव्हेंबर २०१८). भारतीय नौसेनेतील व्हाइस ॲडमिरल, १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी आणि भारतीय बांधणीच्या शीडनौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, या हेतूने सुरू झालेल्या ‘सागर परिक्रमा’ उपक्रमाचे प्रवर्तक. जन्म सुरत येथे. निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी (ता. फलटण) येथे होते व तेथेच त्यांचे निधन झाले. सातारा जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास कोयनानगरपलीकडे सह्याद्रीचा कडा उतरला म्हणजे कोकण व पुढे समुद्र लागतो. फलटणचा परिसर तर घाटमाथ्याच्या पुष्कळ पूर्वेस, पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात मोडतो. तथापि दक्षिण महासागरातून जाणाऱ्या भारतीय शीडमोहिमांची कल्पना ज्यांनी उत्तरायुष्यात चिकाटीने पुढे रेटली, ते आवटी याच प्रदेशात राहत होते.

पार्श्वभूमी : पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडील जलप्रदेशाचा शोध प्रामुख्याने नाविक अधिकाऱ्यांनी घेतला. ब्रिटिश आरमारातील जेम्स कुक यांनी १७७२–७५ या काळात अंटार्क्टिकाभोवती फेरी घातली व १७७३ मध्ये दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले; परंतु खंडाची भूमी त्यांच्या दृष्टीस पडली नाही. रशियन आरमारातील बेलिंग्सहाउझेन यांच्या मोहिमेस १८२० मध्ये तेथील हिमतटाचे दर्शन झाले. जेम्स क्लार्क रॉस यांच्या १८३९–४३ च्या मोहिमेनंतर त्या समुद्राचे स्वरूप अधिक स्पष्ट झाले. ब्रिटिश आरमारातील कॅप्टन रॉबर्ट स्कॉट जानेवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परंतु नॉर्वेचे आमुनसेन त्यांच्या सु. पाच आठवडे अगोदर तेथे जाऊन गेले होते. परतीच्या वाटेवर स्कॉट व त्यांचे चार सोबती मृत्युमुखी पडले.

भूगोलाचे मोठे शोध लागून गेल्यावरही हा समुद्र माणसाच्या कसोटीचे क्षेत्र राहिला. साधारणतः ४०° दक्षिण अक्षवृत्ताच्या खाली पश्चिमी वाऱ्यांना अडविणारी भूमी फारच थोडी आहे. त्यामुळे वारे व लाटा पृथ्वीभोवती जवळजवळ अखंड फिरतात आणि लाटांची उंची वाढत जाते. दक्षिण अमेरिकेचे टोक असलेले केप हॉर्न सु. ५६° दक्षिण अक्षवृत्तावर आहे. ते व अंटार्क्टिका यांमधील ड्रेक सामुद्रधुनी सु. ८०० किमी. रुंद असून पृथ्वीभोवती फिरणारे सर्व पाणी तेथे या चिंचोळ्या वाटेत शिरते. जॉशुआ स्लोकम यांनी १८९५–९८ मध्ये एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९६६–६७ मध्ये एकच थांबा घेऊन व रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८–६९ मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली.

भारतातील परिस्थिती निराळी होती. प्राचीन काळी आग्नेय आशिया व अरबस्तानापर्यंत जाणारी भारतीय जहाजे होती. परंतु पुढे उच्चवर्णीयांत समुद्रोल्लंघन निषिद्ध मानले गेले. मराठ्यांचे आरमार, विशेषतः कान्होजी आंग्रे यांच्या काळातील गुराबा व गलबते, कोकण किनाऱ्याच्या रक्षणात वाकबगार होती; परंतु दूरवरच्या महासागरात जाण्यासाठी ती बांधलेली नव्हती. स्वातंत्र्योत्तर नौसेना यंत्रचलित युद्धनौकांची असल्याने शिडाच्या विद्येस तिच्यात दुय्यम स्थान राहिले. भूसेनेच्या अभियंता दलाच्या ‘तृष्णा’ या शीडनौकेने १९८५–८७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. या मोहिमेत मात्र अनेक नाविकांचा चमू होता.

नौसेनेतील कारकीर्द : आवटी यांचे प्रारंभीचे शिक्षण मुंबई बंदरातील ‘डफरिन’ या प्रशिक्षणनौकेवर झाले व त्यानंतर ते तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. पुढील प्रशिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले. संदेशवहन हा त्यांचा विशेष विषय होता. १९७१ च्या युद्धात ते ‘कामोर्ता’ या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे कप्तान होते. सोव्हिएट बनावटीची ही नौका पूर्वेकडील ताफ्यात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या सोबतीस होती. ‘विक्रांत’वरील विमाने चितगाँग व कॉक्स बझार येथील बंदरे व विमानतळ यांवर हल्ले करीत असताना तिचे पाणबुड्यांपासून रक्षण करणे आणि पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी करणे, ही सोबतच्या नौकांची कामे होती. त्या किनाऱ्याजवळ सुरुंगांचा धोका होता. या युद्धातील कामगिरीबद्दल आवटी यांना वीरचक्र देण्यात आले.

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते काही काळ प्रमुख होते. मुंबईस मुख्यालय असलेल्या पश्चिम नौसेना विभागाचे प्रमुख ध्वजाधिकारी या पदावरून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले. परमविशिष्ट सेवा पदकही त्यांना मिळाले. भारताच्या सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी १९७८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीचे ते संस्थापक होत.

सागर परिक्रमा : एकट्या नाविकाच्या प्रदक्षिणेस काही संकेत पाळावे लागतात. प्रवास एकाच बंदरातून सुरू होऊन तेथेच संपावा, सर्व रेखावृत्ते व विषुववृत्त ओलांडले जावे, कालव्यांचा आश्रय घेऊ नये, नौका केवळ शिडांवर चालावी आणि एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी नसावे. या अटी पाळावयाच्या म्हणजे दक्षिण महासागर व केप हॉर्न यांस पर्याय उरत नाही. आवटी यांनी यात भर घातली, ती नौका भारतातच बांधली जावी या आग्रहाची. निवृत्तीनंतर अनेक वर्षे त्यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. नौसेनेने ती २००६ मध्ये स्वीकारली, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

या कामासाठी पुढे आलेले कमांडर दिलीप दोंदे हे त्या वेळी अंदमानात नेमणुकीवर असलेले पाणबुडे अधिकारी होते. एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांना नव्हता. त्यांनी इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबरोबर त्यांच्या एका शर्यतीच्या तयारीत काम करून या विद्येचे पहिले धडे घेतले. नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने घेतले. त्यापूर्वी या कारखान्याने इतकी मोठी शीडनौका बांधलेली नव्हती. आराखडा व्हॅन डे स्टाट या डच संस्थेचा होता. लाकडी पट्ट्या जोडून त्यांवर काचतंतू व राळ यांचे थर देऊन सांगाडा तयार करण्यात आला. नौकेची लांबी ५६ फूट (सु. १७ मी.), तर डोलकाठी सु. २५ मी. उंच होती. मांडवी नदीच्या ‘म्हादई’ या नावावरून नाव दिलेली ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौसेनेत दाखल झाली. बांधणीच्या काळात दोंदे तेथेच राहिले. कारण भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्ती करणारा दुसरा कोणी असणार नव्हता.

मॉरिशसपर्यंतच्या चाचणी सफरीनंतर १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल (ऑस्ट्रेलिया), लिटलटन (न्यूझीलंड), पोर्ट स्टॅन्ली (फॉकलंड बेटे) व केप टाउन असे चार थांबे घेत केप ल्यूइन, केप हॉर्न व केप ऑफ गुड होप ही तिन्ही मोठी भूशिरे ओलांडून ते १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. सु. नऊ महिन्यांच्या या मोहिमेने भारतीयाने एकट्याने शीडनौकेतून केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. दोंदे यांना शौर्यचक्र देऊन गौरविण्यात आले.

पुढील वाटचाल : यानंतर ‘म्हादई’तूनच लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले व कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. दोंदे यांच्या सफरीत किनाऱ्यावर सामान व साहाय्य मिळू शकत होते. टॉमी यांस पाच महिने अन्न, पाणी व दुरुस्ती यांबाबत नौकेवर असलेल्या साधनांवरच भागवावे लागले. दिवाडी बेटावर तयार झालेल्या ‘तारिणी’ या दुसऱ्या नौकेतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या २५४ दिवसांत गोवा ते गोवा प्रदक्षिणा केली. त्यांच्या प्रशिक्षणात दोंदे यांचा मोठा वाटा होता. याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. व लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी २०२४–२५ मध्ये पुन्हा प्रदक्षिणा पूर्ण केली.

या प्रवासातील धोका २०१८ मध्ये प्रकर्षाने प्रत्ययास आला. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या पहिल्या अखंड प्रदक्षिणेला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त आयोजित शर्यतीत टॉमी ‘थुरिया’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून सहभागी झाले होते. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलथून डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर इजा झाली. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सु. १,९०० सागरी मैलांवर हलताही न येणाऱ्या स्थितीत पडून असलेल्या टॉमी यांची तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने सुटका केली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत आवटी यांचे निधन झाले. बरे झाल्यावर टॉमी याच शर्यतीत पुन्हा उतरले व एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले; परंतु ते पाहण्यास आवटी हयात नव्हते.

मूल्यमापन : कुक व रॉस यांच्या काळी दक्षिणेकडील प्रवासातून नवे नकाशे मिळाले. एकविसाव्या शतकातील शीडप्रवासातून नवी भूमी मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे अशा मोहिमांवर नौसेनेने मनुष्यबळ व पैसा का खर्चावा, हा प्रश्न रास्त होता. अंटार्क्टिकाचे वैज्ञानिक संशोधन भारताने सईद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली १९८१–८२ मध्ये गोव्याहून निघालेल्या मोहिमेने सुरू केलेच होते. त्यासाठी शिडांची गरज नव्हती. सागर परिक्रमेचे फलित वेगळ्या प्रकारचे आहे. वारा, लाट व आकाश यांचा अंदाज घेऊन केवळ आपल्या निर्णयावर जगण्याची नाविक विद्या एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेली आणि दहा वर्षांच्या आत ती महिला अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. गोव्यातील एका लहान कारखान्यास महासागरी नौका बांधण्याचे तंत्र अवगत झाले. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाच्या आधारे दोरांनी फळ्या शिवून बांधलेली व मे २०२५ मध्ये नौसेनेत दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौकाही दांडेकर यांच्याच संस्थेने तयार केली.

आवटी स्वतः या प्रदक्षिणेस गेले नाहीत. युद्धनौकांवर घडलेल्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर शिडाच्या विस्मृत विद्येचा आग्रह धरला, तिला माणसे, नौका व संस्था मिळवून दिल्या आणि कल्पनेचे परंपरेत रूपांतर झालेले पाहिले, यात त्यांच्या कारकीर्दीचे वेगळेपण आहे.