तर्जुमा

तर्जुमा : मराठेशाहीतील वार्षिक जमा, खर्च व बाकी एका दृष्टिक्षेपात दाखविणारा हिशेबी गोषवारा. पुण्याच्या हुजूर दप्तरातील एकबेरीज शाखेत तो तयार होई. व्यवहाराची स्थिती सूचक आकड्यांवरून नजरेखाली ठेवण्याच्या ज्या पद्धतीस आज ‘डॅशबोर्ड’ म्हणतात, तिचे हे कागदी पूर्वरूप मानता येईल.

या पद्धतीची गरज महसुलाच्या रचनेतून निर्माण झाली. भोसले घराण्याची पाटिलकी असलेले वेरूळ हे गाव औरंगाबाद सुभ्यात मोडे. दख्खनच्या ज्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये मराठ्यांना मिळाल्या, त्यांपैकी हा एक होय. चौथाईची पुढे राजबाबती २५, साहोत्रा ६, नाडगौडा ३ व ऐन मोकासा ६६ टक्के अशी वाटणी होई. अशा रीतीने एकाच गावच्या उत्पन्नावर अनेकांचे हक्क पोहोचत. ते निश्चित करण्यास मूळ आकार ठाऊक असणे अवश्य होते. वेरूळनजीक खुल्दाबाद येथे ज्याची कबर आहे, त्या मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) बंदोबस्ताशी जोडला जाणारा ‘तनखा’ व पेशवाईत ठरविलेला ‘कमाल’ आकार हे याबाबतीत प्रमाण मानले जात. प्रत्यक्ष वसूल त्यांच्याशी ताडून पाहिला, की गाव आबाद आहे की उतरणीस लागले आहे, हे कळे.

कुळकर्ण्याच्या गावहिशेबापासून माहितीचा ओघ सुरू होई व तो कमाविसदारामार्फत हुजुरात पोहोचे. मोठ्या प्रांतांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इ. दरकदार मामलेदाराच्या व्यवहारावर लक्ष ठेवीत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसल्यामुळे वर जाणारे आकडे परस्परांकडून तपासले जात. हुजुरातील चालते दप्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असे. त्यातील बेहडा शाखा परगण्यांच्या हिशेबांवरून उत्पन्न-खर्चाचा अंदाज बांधी. एकबेरीज दप्तरात सर्व हिशेबांचे वर्गीकरण होई. त्यांवरून तर्जुमा, तसेच खात्यांप्रमाणे खर्च दाखविणाऱ्या खतावण्या तयार होत.

मोडी हिशेबाची मांडणीही या हेतूस पोषक होती. सदराच्या लांब ओढलेल्या रेघेखाली प्रथम एकूण रक्कम व नंतर ‘पैकी’ म्हणून तपशील येई. त्यामुळे वाचणाऱ्यास निष्कर्ष आधी दिसे आणि शंका आल्यास तो खालच्या तपशिलात उतरू शके.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची प्रथा वाढली. ठरलेली रक्कम सरकारात भरली, की गावांच्या स्थितीची चौकशी कोणी करीत नसे. दप्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकुनांचा संच जवळजवळ मोडला आणि कित्येक कागद लोकांनी नेले. परिणामी रयतेवरील वाढता भार सरकारच्या नजरेस आणून देणारे साधनच दुबळे झाले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी झाली, तेव्हा वहिवाट असूनही दप्तरी पुराव्याअभावी कित्येकांची इनामे धोक्यात आली. हिशेबातील नोंदीवर घराण्यांचा निर्वाह कसा अवलंबून होता, हे यावरून दिसते.

उरलेले कागद पुणे येथील पेशवे दप्तरात जतन केलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतर संपादित केले. आधुनिक डॅशबोर्डवर रंग व आलेख असतात आणि आकडे क्षणाक्षणाला बदलतात. तर्जुम्याचे आकडे मात्र वर्षाअखेरचे असत. तथापि प्रमाण आकार, स्वतंत्र तपासणी व आकडे पाहून निर्णय घेणारा अधिकारी या तीन गोष्टींवाचून दोन्हींचे मोल राहत नाही.