परस्परसंवादी नकाशादर्शक

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर नकाशा दाखवणारा आणि वापरकर्त्याने तो सरकवला, लहानमोठा केला किंवा त्यावर बोट टेकवले की तत्काळ प्रतिसाद देणारा सॉफ्टवेअरचा घटक. टॅक्सी, घरपोच सेवा, हवामान, भूमापन अशा नाना प्रकारच्या उपयोजनांत तो तयार स्वरूपात बसवता येतो. संकेतस्थळांसाठी ओपनलेयर्स (२००६) आणि लीफलेट (२०११) हे मुक्त स्रोत घटक विशेष वापरात आहेत. नकाशाची मूळ माहिती सहसा सर्व्हरवर असते. तिचा कोणता तुकडा, किती तपशिलाने आणि पडद्यावर नेमका कोठे दाखवायचा हे ठरवणे, हे नकाशादर्शकाचे मुख्य काम.

पूर्वपीठिका : झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये आंतरजालावर नकाशा दाखवणारी सेवा सुरू केली. त्या पिढीतील सेवांमध्ये प्रत्येक क्लिकनंतर सर्व्हर नवे चित्र तयार करी आणि पान पुन्हा उघडे. फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने आधीच तयार केलेले चौकोनी तुकडे मागच्या मागे मागवण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यामुळे पान न बदलता नकाशा ओढता येऊ लागला.

टाइल-रचना : या तुकड्यांना ‘टाइल’ म्हणतात. टाइल सामान्यतः २५६ × २५६ पिक्सेलची असते. झूम पातळी ० वर सगळे जग एकाच टाइलमध्ये मावते. पुढील प्रत्येक पातळीवर एका टाइलच्या चार होतात. अठराव्या पातळीवर ही संख्या सुमारे ६,८७२ कोटी भरते. प्रत्येक टाइलला झूम पातळी, स्तंभ आणि ओळ अशा तीन अंकांचा पत्ता असतो. पुण्याचा शनिवारवाडा दहाव्या पातळीवर ७२२ व्या स्तंभातील ४५८ व्या ओळीत येतो. मोजणी वायव्य कोपऱ्यापासून आणि शून्यापासून होते. काही प्रणाली ओळी दक्षिणेकडून मोजतात. ही तफावत लक्षात घेतली नाही, तर टाइल भलत्याच जागी दिसतात.

१०२४ × ७६८ पिक्सेलची चौकट भरायला किमान १२ टाइल लागतात. कडा जुळल्या नाहीत तर २० पर्यंत. जगाचा विस्तार कितीही असला तरी एका वेळी एवढेच तुकडे मागवावे लागतात, म्हणून साध्या मोबाइलवरही नकाशा चालतो.

प्रक्षेपण : बहुतेक नकाशादर्शक वेब मर्केटर प्रक्षेपण वापरतात. मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणाचे हे सुटसुटीत रूप होय. उत्तर व दक्षिण दिशांना ते सुमारे ८५.०५ अक्षांशांवर तोडल्याने जग चौरसात बसते. लहान भागांचे आकार त्यात बिघडत नाहीत, पण ध्रुवांकडे क्षेत्रफळ फुगते : आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असूनही दोन्ही जवळपास सारखी दिसतात. प्रमाणही अक्षांशानुसार बदलते. अठराव्या पातळीवर एक पिक्सेल विषुववृत्तावर सुमारे ६० सेंमी., तर पुण्यात सुमारे ५७ सेंमी. असतो. म्हणून कोपऱ्यातली प्रमाणपट्टी नकाशा उत्तर-दक्षिण सरकला की नव्याने मोजावी लागते.

कार्यपद्धती : नकाशादर्शक मध्यबिंदू, झूम पातळी आणि चौकटीचे माप सतत लक्षात ठेवतो. बोटाने नकाशा ओढला की आधी हाताशी असलेल्या टाइल सरकतात आणि कडेला उघडी पडलेली जागा नव्या टाइलनी भरली जाते. झूम बदलताना जुन्या टाइल ताणून दाखवल्या जातात. नकाशा क्षणभर धूसर दिसतो तो यामुळे. एकदा आलेल्या टाइल साठवून ठेवल्याने मागे फिरताना त्या पुन्हा मागवाव्या लागत नाहीत. क्लिक झालेल्या पिक्सेलवरून उलट गणित करून अक्षांश-रेखांश काढले जातात. खुणा, मार्ग व सीमा पायाभूत नकाशावर वेगळ्या स्तरांत असतात. खुणा फार झाल्या की त्यांचे गट करून फक्त संख्या दाखवतात.

सदिश टाइल : तयार चित्राऐवजी या टाइलमध्ये रस्ते, नद्या व इमारती यांचे निर्देशांक आणि नावे येतात, रेखाटन वापरकर्त्याच्या यंत्रावर होते. त्यामुळे नकाशा फिरवता व तिरपा करता येतो, रंग किंवा नावांची भाषा बदलता येते. मात्र अक्षरे जुळवण्याचे कामही त्याच यंत्रावर येते. एकेक वर्ण सुटा मांडणाऱ्या काही प्रणालींत देवनागरी जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते. सर्व्हरवर नीट अक्षरजुळणी करून बनवलेल्या चित्ररूप टाइलमध्ये हा दोष येत नाही.

मर्यादा : झूम वाढवल्याने मूळ मोजणीची अचूकता वाढत नाही. निर्देशांकांचा क्रमही सर्वत्र सारखा नाही : जिओजेसन प्रमाणकात रेखांश आधी, तर लीफलेटमध्ये अक्षांश आधी लिहितात. हा क्रम उलटला की पुण्याची खूण नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात पडते. शिवाय टाइलची प्रत्येक मागणी सर्व्हरला कळते. कोणता परिसर पाहिला जात आहे याची माहिती त्यातून सेवा पुरवणाऱ्याकडे जमा होऊ शकते.