गोष्टीत न आलेल्या मुली

सोलापुरात, शुक्रवार पेठेतील एखाद्या शाळकरी मुलाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, असे विचारले तर तो सहसा अडखळत नाही. १९१० साली याच शहरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेला, युद्धातील जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तेथेच त्याने देह ठेवला, ही कथा त्याच्या कानांवरून गेलेली असते. ती सांगितली जाते, म्हणून ती टिकली आहे.

कोटणिसांहून जेमतेम एका वर्षाने लहान असलेली एक मराठी मुलगी त्यांच्याआधी वर्षभर, १९३७ मध्ये, समुद्रापार गेली होती. तिच्याही प्रवासात बंद दार होते, कठोर परीक्षा होती, अनोळखी देश होता आणि शेवटी हाती लागलेले एक रहस्य होते. मुलांना साहसकथेत याहून अधिक काय हवे असते? तरीही कमला सोहोनी हे नाव आपल्या घरांतून क्वचितच ऐकू येते. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांची ती बहीण, एवढे सांगितले की मग कोठे ओळख पटते.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. आपणही तेथेच संशोधन करावे, असे कमलाबाईंनी ठरविले होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्ज नाकारला गेला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. गुण माझे, पात्रता माझी, मग प्रवेश का नाही, असा प्रश्न त्यांनी संचालकांसमोर जाऊन विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी दाखविली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री-अपरात्रीही, काम करावे लागणार होते. आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नव्हते. ही शेवटची अट एखाद्या पुरुष विद्यार्थ्याला कोणी घातली असती का? कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण तो अपमान आपण विसरलो नाही, असे त्यांनी उतारवयातही स्पष्टपणे सांगितले.

वर्षभरात श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले की रामन यांचे समाधान झाले. त्यानंतर संस्थेने इतर मुलींनाही प्रवेश देण्यास आरंभ केला. कमलाबाईंच्या चरित्रातील हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दार त्यांनी स्वतःसाठी ठोठावले होते. उघडले ते पाठीमागून येणाऱ्या सर्वांसाठी.

पुढे केंब्रिज येथे, नोबेल विजेते फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या विभागात त्या दाखल झाल्या. बटाट्यावर काम करीत असता, सजीवांच्या पेशींतील श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली. विज्ञानात ती पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्या वर्षी स्वदेशी परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथे काम करून त्या विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. येथे त्यांनी हाती घेतलेला विषय आपल्या किनारपट्टीच्या चांगल्या परिचयाचा आहे: नीरा. सूर्योदयापूर्वी उतरविलेल्या या रसात जीवनसत्त्वे व लोह आहे आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याचा लाभ होतो, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला विलंबानेच आले. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले. गौरवही असा संध्याकाळी पोहोचला.

कमलाबाईंजवळ निदान पदवी होती, प्रबंध होता, संशोधनाचे छापील निबंध होते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नसते त्यांचे काय होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर जाऊ. मात्र वाट मागावरूनच जाते. सोलापूर हे मागांचे शहर. उभ्या ताण्यांतून आडवा बाणा नेणारा धोटा येथे कोणाला दाखवावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मँचेस्टर या गिरणगावात मार्गारेट नाइट नावाची गरीब घरची मुलगी कापडगिरणीत कामाला होती. पोलादी टोकाचा धोटा मागातून उसळून एका कामगाराला लागल्याचे तिने पाहिले. वय असेल बारा वर्षांचे. असा अपघात टळावा म्हणून तिने एक युक्ती शोधून काढली व ती वापरातही आली, असे सांगतात. पण ती युक्ती नेमकी काय होती, याची नोंद उरलेली नाही. बारा वर्षांच्या कामगार मुलीचे पेटंट कोण नोंदविणार?

हीच मार्गारेट मोठी झाल्यावर सपाट बुडाच्या कागदी पिशव्या तयार करणारे यंत्र तिने शोधले. तिच्या यंत्राचा नमुना पाहून चार्ल्स अॅनन नावाच्या गृहस्थाने ते आपल्याच नावावर करण्याचा प्रयत्न केला. स्त्रीला यंत्रातले काय कळणार, असा त्याचा युक्तिवाद होता. मार्गारेटने आपली रेखाचित्रे, नमुने व साक्षीदार पुढे केले आणि ती जिंकली. १८७१ मध्ये पेटंट तिच्या नावे झाले. म्हणजे एकाच स्त्रीचे दोन शोध: कागदपत्रे होती तो राहिला, नव्हती तो हरवला.

हा विचार मनात आला की आपली घरे वेगळी दिसू लागतात. महिनोन्‌महिने टिकणारी सोलापूरची कडक भाकरी प्रथम कोणी भाजली? कोणत्या बाईने कोणती डाळ कशाबरोबर शिजवली की बाळंतिणीला बळ येते, हे प्रथम ताडले? या शोधांवर कोणाचेही नाव नाही.

मुलांना या कथा सांगताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. रामन थोर शास्त्रज्ञ होते आणि या बाबतीत त्यांनी अन्याय केला, ही दोन्ही विधाने खरी आहेत. मुलांना ती एकत्र पेलता येतात. दुसरे असे की, कमलाबाईंना चमत्कार ठरवू नये. घरात दोन शास्त्रज्ञ होते, शिकण्यास विरोध नव्हता, म्हणून ती मुलगी संचालकांसमोर उभी राहू शकली. चमत्काराची गोष्ट ऐकून मुलगी नमस्कार करते. आधाराची गोष्ट ऐकून तिच्या आईवडिलांना आपले काम कळते.

‘लीलावतीज डॉटर्स’ या नावाने भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांचा परिचय करून देणारा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पण पुस्तकाच्याही आधी गोष्ट घरात यावी लागते. उन्हाळी सुटीत आपल्या धर्मग्रामातील मुले एकत्र जमतील, तेव्हा कोटणिसांच्या बोटीमागोमाग केंब्रिजला निघालेल्या त्या मुलीचीही गोष्ट त्यांना सांगावी. आणि मुले आजीजवळ बसली असतील, तर तिच्या हातची कोणती युक्ती ती कोणाकडून शिकली, हे विचारून त्या बाईचे नाव वहीत लिहून ठेवावे.