सिम्युलेशन आधारित आंतरव्यावसायिक शिक्षण

वैद्यक, परिचर्या, फिजिओथेरपी, समाजकार्य अशा निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी हुबेहूब उभ्या केलेल्या प्रसंगात एकत्र काम करून शिकण्याची पद्धत. नुसते एका वर्गात बसून व्याख्यान ऐकणे तीत मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यानुसार विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे अपेक्षित असते.

असा प्रसंग पुतळ्यावर किंवा माणसाला भूमिका देऊन उभा करता येतो. नॉर्वेतील खेळणी-उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये पुनरुज्जीवनाच्या सरावासाठी पुतळा आणला. १९६३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज यांनी रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती अध्यापनात आणली. समाजकार्याला पुतळ्याचा फारसा उपयोग नाही. तेथे माणूसच लागतो.

उदाहरणार्थ, पक्षाघात झालेल्या वृद्धाला घरी सोडायचे आहे. भावी डॉक्टर गोळ्यांच्या वेळा सांगतो, परिचारिका नळीने अन्न कसे द्यायचे ते दाखवते. सुनेची भूमिका करणारी स्त्री विचारते, ‘‘मी दिवसभर कामावर. यांच्याकडे बघणार कोण?’’ गोळ्यांची यादी तिथेच थांबते. घरची माणसे, खर्च, सरकारी योजना हे प्रश्न समाजकार्याचा विद्यार्थी हाती घेतो, आणि घरी सोडण्याची तारीखही बदलू शकते.

खरे शिक्षण बहुधा प्रसंगानंतरच्या चर्चेत होते. ती अनेकदा प्रसंगापेक्षा लांबते. कोण बोलले, कोणाचे ऐकले गेले नाही, हे चर्चा घडवणारा मार्गदर्शक विचारतो. प्रसंग केवळ हृदय बंद पडण्याचा रचला, तर समाजकार्याचे विद्यार्थी कोपऱ्यात उभे राहतात. वेगवेगळ्या महाविद्यालयांची वेळापत्रके जुळवणे ही नेहमीची अडचण. परिणाम तपासताना विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनातील बदल प्रश्नावलीने मोजता येतो. रुग्णाला झालेला लाभ दाखवणे मात्र अवघड जाते.