फोटोशॉपमध्ये मराठी अक्षरं का तुटतात? बॅनर छापण्याआधी तपासायच्या सेटिंग्ज

‘उरण’ हा शब्द कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये टाइप केला तरी सहसा बिघडत नाही. त्याच तालुक्यातलं ‘चिरनेर’ मात्र काही वेळा ‘चरिनेर’ दिसतं, ‘द्रोणागिरी’चं ‘द्‌रोणागरिी’ होतं आणि स्वागताच्या बॅनरवरचं ‘हार्दिक’ थेट ‘हार्‌दकि’ होऊन बसतं.

चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळीबार झाला होता. त्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाच्या फलकावर गावाचंच नाव चुकीचं छापलं गेलं, तर फ्लेक्स पुन्हा छापावा लागतो. वेळ नसेल तर तो तसाच लागतो आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. दोष बहुतेक वेळा टाइप करणाऱ्याचा नसून एका सेटिंगचा असतो.

अक्षरं तुटतात म्हणजे काय होतं?

इंग्रजी अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच एकापुढे एक बसतात. देवनागरीत तसं नसतं. ‘चि’ लिहिताना आधी च आणि मग वेलांटी टाइप होते, पण दिसताना वेलांटी आधी येते. ‘र्दि’मधला र वर जाऊन रफार होतो. ‘द्र’मध्ये दोन अक्षरं जोडली जातात. ही मांडणी सॉफ्टवेअरमधलं टेक्स्ट इंजिन करतं. ते इंजिन फक्त इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी लावलेलं असेल, तर अक्षरं टाइप केलेल्या क्रमानेच उमटतात. ‘उरण’मध्ये वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून तो शब्द वाचतो.

कोणती सेटिंग बदलायची?

- फोटोशॉप: जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ किंवा ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडावा आणि नवी फाइल उघडून काम करावं.
- इलस्ट्रेटर: प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’मध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू करावं. मग पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर निवडावा.
- इनडिझाइन: पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडावा.
- इंकस्केप आणि गिम्प: ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. यांत युनिकोड मराठी वेगळ्या सेटिंगशिवाय नीट दिसतं.

जुने फॉन्ट की युनिकोड?

अनेक डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानांत अजूनही जुने, बिगर-युनिकोड फॉन्ट वापरले जातात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. म्हणून छपाई नीट होते, पण तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे एकच मजकूर बॅनर, वेबसाइट आणि मोबाइलवर चालतो. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं पुन्हा वाचून घ्यावीत.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त, बालू आणि मोदक हे युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. त्यांचा परवाना मुक्त आहे, त्यामुळे व्यावसायिक कामातही ते वापरता येतात.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे का दिसतात?

महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायचा आहे. काही फॉन्टमध्ये हे मराठी आकार असतात, पण ते दिसण्यासाठी मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी लागते. फॉन्ट निवडण्याआधी ‘चिरनेर, द्रोणागिरी, हार्दिक, किनाऱ्यावर, हुतात्म्यांना’ एवढे शब्द टाइप करून पाहिले, तरी त्याची बरीचशी परीक्षा होते.

छपाईला देताना

दुकानातल्या संगणकावर तोच फॉन्ट असेल याची खात्री नसते. म्हणून इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ आणि कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करून फाइल द्यावी. यानंतर अक्षरं चित्रं होतात आणि शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी आणि मजकूर आधीच दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा.

शिकायचं कुठे?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केप आणि गिम्पसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मोफत आहेत. हे धडे अनेक भारतीय भाषांत केलेले आहेत. व्हिडिओ पाहता पाहता शेजारच्या विंडोत सराव करायचा, अशी त्यांची पद्धत आहे. अक्षरांचं वळण हाताने शिकायचं असेल, तर पद्मश्री अच्युत पालव यांची सुलेखनाची शाळा नवी मुंबईतच आहे. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून तिथे जाणंही सोपं झालं आहे.

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतात, मेन्यूही बदलतात. रफार कुठे बसायला हवा हे डोळ्यांना माहीत असेल, तर चूक छपाईआधीच दिसते.